लाडके दुकान आणि दानाची पेटी

फेब्रुवारी २००९ मध्ये इंग्लंडमध्ये इंटरनेटवर एका पिशवीचा लिलाव झाला. पिशवीत गोळ्या-चॉकलेटे होती, तीही काही खास नव्हेत. दुकानात मांडलेल्या डब्यांमधून गिऱ्हाइकाने आपल्या हाताने थोडे हे, थोडे ते निवडायचे, पिशवीत भरायचे आणि वजनावर पैसे द्यायचे, अशी ती साधी मिठाई. बोली चढत गेली आणि १४,५०० पौंडांवर थांबली. त्या वेळच्या भावाने सुमारे दहा लाख रुपये झाले. एवढी किंमत आली, कारण वूलवर्थ्स नावाच्या दुकानातली ही शेवटची पिशवी होती. दुकान महिनाभरापूर्वी कायमचे बंद झाले होते. लिलावाचे पैसे चाइल्डलाइन या, अडचणीतल्या मुलांना फोनवरून आधार देणाऱ्या सेवेकडे गेले.

ज्या दुकानाच्या शेवटच्या गोळ्यांसाठी कोणी दहा लाख मोजतो, ते दुकान बुडाले कसे? प्रश्न ब्रिटनमधल्या व्यापाराचा आहे. पण रमजानचा महिना सुरू आहे, घराघरात जकातीचे हिशेब मांडले जात आहेत, मशिदींबाहेर आणि मोबाइलवर मदतीची आवाहने येत आहेत. अशा वेळी दान देणाऱ्याने, घेणाऱ्या संस्थेने आणि वर्गणी मागणाऱ्या कोणत्याही मंडळाने या बुडालेल्या दुकानाकडे एकदा नीट पाहावे. त्याची कहाणी वाटते तितकी परकी नाही.

ब्रिटनमधल्या प्रत्येक लहान-मोठ्या गावाला एक ‘हाय स्ट्रीट’ असते. म्हणजे आपल्याकडचा मेन रोड किंवा बाजारपेठेचा रस्ता. त्या रस्त्यावर बँक, औषधांचे दुकान, बेकरी आणि जवळजवळ हमखास एक वूलवर्थ्स असे. फ्रँक वूलवर्थ या अमेरिकन व्यापाऱ्याने ५ नोव्हेंबर १९०९ रोजी लिव्हरपूलच्या चर्च स्ट्रीटवर ब्रिटनमधली पहिली शाखा उघडली. नियम सोपा होता. कोणत्याही वस्तूची किंमत सहा पेन्सपेक्षा जास्त नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईपर्यंत हा नियम टिकला.

पण खरी नवलाई किमतीत नव्हती, मांडणीत होती. तोवर दुकानात माल गल्ल्यामागे असायचा. गिऱ्हाइकाने मागायचे, दुकानदाराने काढून दाखवायचे, आणि पाहून झाल्यावर न घेता निघालेल्या गरिबाला नजरेचा मार सोसायचा. वूलवर्थ्सने माल टेबलांवर उघडा मांडला. या, हात लावा, पाहा, आवडले तर घ्या, नाही तर तसेच जा. गिरणीत काम करणाऱ्या बाईला आणि शाळकरी पोराला कोणाकडे काही मागावे लागत नव्हते. गरिबाची आब राखणारे दुकान म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मनात बसले. ब्रिटिश लोक त्याला लाडाने ‘वूलीज’ म्हणत.

मग काय झाले? एकाएकी काहीच झाले नाही. अशी दुकाने एकाएकी बुडत नाहीत.

सुपरमार्केटवाले खेळणी आणि गाण्यांच्या सीड्या स्वस्तात विकू लागले. इंटरनेट आले. दर वस्तूसाठी दुसरे कोणीतरी वूलवर्थ्सपेक्षा चांगले किंवा स्वस्त मिळू लागले. वूलवर्थ्सने उत्तर म्हणून आणखी माल भरला. गोळ्या, मुलांचे कपडे, विजेचे दिवे, फुलझाडांचे बी, रंगाचे डबे, सीड्या, वह्या, बशा. गावाबाहेर ‘बिग डब्ल्यू’ नावाची अवाढव्य दुकाने काढून पाहिली, ती जमली नाहीत. दुसऱ्या कंपनीचे पाहून जाडजूड कॅटलॉगही काढला. सगळे काही मिळते, पण नेमके कशासाठी इथे यायचे ते कोणालाच सांगता येईना, अशी अवस्था झाली.

त्यातच पायाखालची जमीन गेली, तीही शब्दशः. २००१ मध्ये मूळ मालक कंपनीने, किंगफिशरने, वूलवर्थ्सला वेगळे काढले. त्याआधी १८२ दुकानांच्या जागा ६१ कोटी ४० लाख पौंडांना विकून त्याच जागा भाड्याने घेतल्या गेल्या. पैसा मालक कंपनीकडे राहिला आणि दुकानांच्या गळ्यात भाडे पडले. आपले घर विकून त्याच घरात भाडेकरू म्हणून राहावे आणि भाडे दर काही वर्षांनी वाढत जावे, तसा हा प्रकार. चांगल्या दिवसांत हे कोणाला जाणवत नाही. वाईट दिवस आले की शिलकीत काहीच नसते.

वाईट दिवस २००८ मध्ये आले. जगभर बँका डगमगल्या. उधारीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी वूलवर्थ्सवरचे छत्र काढून घेतले, तसे पुरवठादार रोख पैसे मागू लागले. आणि वेळ कोणती, तर नाताळच्या तोंडावरची! वूलवर्थ्सची वर्षाची कमाई जवळजवळ त्या एका हंगामावर चाले. बाकीचे महिने कसेबसे काढायचे आणि डिसेंबरात भरपाई करायची. त्या हंगामाचा माल भरायलाच पैसे उरले नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कंपनीने हात टेकले. डोक्यावर ३८ कोटी ५० लाख पौंडांचे कर्ज होते. २७ डिसेंबर ते ६ जानेवारी या अकरा दिवसांत आठशेहून अधिक दुकानांची शटर खाली आली आणि सुमारे २७ हजार माणसांची नोकरी गेली.

याच काळात दुकानांसमोर तुडुंब गर्दी होती. बंद होणार म्हटल्यावर सेल लागला आणि लोक लोटले. माल संपला तेव्हा कपाटे, फळ्यासुद्धा विकल्या गेल्या. लोक डोळे पुसत होते, आजीबरोबर इथे आलो होतो म्हणून सांगत होते. त्यांतल्या बहुतेकांना कोणी विचारले असते की, गेल्या वर्षभरात इथून काय घेतलेत, तर सांगायला फारसे काही नसते. प्रेम होते, पण काम नव्हते. आणि प्रेमाने भाडे भरता येत नाही.

इथवरची गोष्ट व्यापाराची. आता मदतकार्याकडे वळू.

दुकान आणि धर्मादाय संस्था यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो सहसा बोलला जात नाही. दुकानात पैसे देणारा आणि वस्तू घेणारा माणूस एकच असतो. साबण वाईट निघाला तर तो पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातो. तो तक्रार लिहीत नाही, नुसता येत नाही. पण गल्ल्यावर ते दिसते. संस्थेत पैसे देणारा एक असतो आणि वस्तू घेणारा दुसरा. देणाऱ्याला वस्तू कधी वापरावी लागत नाही. घेणाऱ्याला दुसरीकडे जाण्याची सोय नसते. पीठ किडके निघाले तरी तो पुढच्या वर्षी त्याच रांगेत उभा राहतो, कारण रांग एकच आहे. बाहेरून पाहणारा म्हणतो, केवढी गर्दी, केवढी गरज, केवढे काम!

वूलवर्थ्सला बुडताना निदान गल्ल्याने वीस वर्षे इशारे दिले. ते कोणी ऐकले नाहीत, हा भाग निराळा. संस्थेला तर असा इशारा मिळतच नाही. तिच्या गल्ल्यात जो पैसा पडतो तो देणाऱ्याच्या प्रेमाचा असतो, घेणाऱ्याच्या समाधानाचा नव्हे. त्यामुळे एखादी संस्था वर्षानुवर्षे आतून पोकळ होत गेली तरी तिची पावतीपुस्तके भरत राहतात. ती ‘वूलीज’सारखी लाडकी असते. तिचे नाव घेतले की लोकांना आपले बालपण आठवते, वडिलांनी दिलेली वर्गणी आठवते, आणि ते खिशात हात घालतात.

ब्रिटनच्या हाय स्ट्रीटवरच याचे बोलके उदाहरण आहे. तिथे ‘चॅरिटी शॉप’ नावाचा प्रकार जागोजागी दिसतो. लोक जुने कपडे, पुस्तके, भांडी आणून देतात, संस्था ती विकते आणि पैसा मदतकार्यात घालते. ऑक्सफॅम या संस्थेने १९४७ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असे दुकान उघडले. आज देशभरात अशी दुकाने दहा हजारांच्या आसपास आहेत. स्थानिक करात त्यांना ८० टक्के सवलत मिळते. मोठी दुकाने बुडत गेली तसतशी रिकाम्या झालेल्या रस्त्यांवर ही दुकाने उठून दिसू लागली. आता गंमत पाहा. या दुकानांत कोणता शर्ट खपत नाही हे व्यवस्थापिकेला आठवड्यात कळते. न खपलेला माल किलोवर जातो. त्यातला लोकरी माल वर्षानुवर्षे आपल्या पानिपतात येऊन त्याच्या घोंगड्या होत आल्या आहेत. म्हणजे ज्या भागात संस्थेला गिऱ्हाईक आहे तिथे तिला सगळे चोख कळते. पण त्याच पैशातून दूरच्या गावात जे वाटले जाते, ते तिथे ‘खपले’ की नुसते ‘घेतले गेले’, हे सांगणारा गल्ला कुठेच नसतो.

न खपणाऱ्या दानाचे चित्र आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसले. देशभरातून ट्रकच्या ट्रक भरून जुने कपडे गेले. त्या किनाऱ्यावर, त्या हवेत, त्या लोकांना न चालणारे कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडले. देणाऱ्यांचे मन हलके झाले होते, कपाटेही हलकी झाली होती. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने ते ढीग उचलून, निवडून, उपयोगात आणण्याचे काम केले. गूंजची पद्धत अशी की, गावाने आपले काम ठरवायचे, विहीर खणायची, रस्ता नीट करायचा, आणि त्या श्रमाच्या बदल्यात कपडे, सामान न्यायचे. म्हणजे घेणारा रांगेतला याचक राहत नाही. त्याने मोल दिलेले असते. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मागे फिरून पाहिले तर ही १९०९ च्या लिव्हरपूलचीच युक्ती आहे. माल उघडा मांडा आणि माणसाला ताठ मानेने निवडू द्या. वूलवर्थ्स ज्या गोष्टीने उभे राहिले ती गोष्ट अनेक संस्थांनी अजून सुरूच केलेली नाही.

रमजानच्या संदर्भात हे अधिक टोकदार होते. जकात म्हणजे सुस्थितीतल्या मुसलमानाने आपल्या वर्षभराच्या शिलकीतून काढायचा चाळीसावा हिस्सा, शंभरास अडीच. मर्जीचे दान वेगळे, त्याला सदका म्हणतात. जकात हे देणे आहे. कुराणाच्या नवव्या सूरेत ती कोणाला द्यायची याचे आठ वर्ग सांगितले आहेत. गरीब, निराधार, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. हनफी फिकहमध्ये, म्हणजे भारतातले बहुसंख्य मुसलमान जे धर्मशास्त्र मानतात त्यात, आणखी एक अट आहे. तिला ‘तमलीक’ म्हणतात, मालकी सोपवणे. जकातीचा पैसा किंवा वस्तू घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीची झाली, तरच जकात अदा झाली. म्हणूनच त्या पैशातून इमारत बांधलेली चालत नाही. इमारतीचा मालक गरीब माणूस नसतो. मालकी आली की मर्जी आली. ज्याची वस्तू, तो ती ठेवेल, वाटेल, विकेलही.

ही अट एका अर्थाने घेणाऱ्याला गिऱ्हाईक करते. पण व्यवहारात काय दिसते? रमजानचे किट. तांदूळ, डाळ, तेल, साखर, बेसन, शेवया, खजूर, सगळे एका पिशवीत, सगळ्यांना सारखे. भुकेल्या घरात अन्न जाते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या घरात तीन संस्थांची तीन किटे पोचली, त्याला चौथ्या किटापेक्षा थकलेले घरभाडे जड वाटते. मधुमेहाच्या रुग्णाला साखरेपेक्षा गोळ्यांचे पैसे हवे असतात. ते तो सांगत नाही. देणाऱ्यासमोर उभे राहून ‘हे नको, ते द्या’ म्हणायला वूलवर्थ्सपूर्वीच्या दुकानातल्या गरिबापेक्षाही जास्त धीर लागतो. शिवाय पिशवी देताना फोटोही काढायचा असतो!

रोख दिले तर लोक उधळतील, ही भीती सगळ्याच धर्मांच्या दात्यांना असते. तिची तपासणी झालेली आहे. केनियात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने गरीब कुटुंबांना मोबाइलवरून सरळ पैसे पाठवले. हाऊशोफर आणि शापिरो या दोन अर्थतज्ज्ञांनी त्या कुटुंबांचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही. लोकांनी खाण्यावर खर्च केला, जनावरे घेतली, गवती छप्पर काढून पत्रा घातला. ब्रिटनमध्येही २०११ पासून ‘नॅशनल जकात फाउंडेशन’ तिथल्याच गरजू मुसलमानांना, अर्ज तपासून, मुख्यतः रोख मदत देते. हाय स्ट्रीट ओस पडलेल्या गावांत नोकरी गेलेली माणसे आहेतच. मदत नेहमी समुद्रापारच पाठवायची, या जुन्या सवयीला त्यांनी घरातूनच उत्तर दिले.

वूलवर्थ्सचा नाताळ आणि आपल्या संस्थांचा रमजान यांचेही एकदा जुळवून पाहायला हवे. अनेक मदरसे, शिष्यवृत्ती निधी, दवाखाने यांची वर्षाची आवक याच एका महिन्यात गोळा होते. हिंदू मंडळांचे तसेच भाद्रपदात होते. पैसा हंगामी, गरज बारमाही. शाळेची फी जूनमध्ये येते. मजुराचा हात पावसाळ्यात रिकामा असतो. डेंग्यू ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. आणि रमजान तर चांद्र वर्षाप्रमाणे दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, म्हणजे संस्थेचा हंगाम आणि गरिबाची अडचण यांचा मेळ कधी बसतो, कधी वर्षानुवर्षे बसतच नाही. एक टाळेबंदीचा रमजान कोरडा गेला तेव्हा कित्येक संस्थांचे शिक्षक पगाराविना राहिले.

मग शिल्लक ठेवावी तर तिथे दुसरी अडचण. दात्याला वाटते, माझा रुपयान्‌रुपया गरिबाकडेच गेला पाहिजे. कार्यालयाचे भाडे, कारकुनाचा पगार, गंगाजळी हे सगळे त्याला गैर वाटते. वूलवर्थ्सच्या जागा विकणाऱ्यांनाही जागेत अडकलेला पैसा असाच निरुपयोगी वाटला होता. कुराणाच्या त्या आठ वर्गांत जकात गोळा करून वाटणाऱ्या कर्मचाऱ्याचाही वर्ग आहे, हे फार थोडे दाते लक्षात ठेवतात. वाटप ही मेहनत आहे आणि मेहनतीला मजुरी आहे, हे तिथे मान्यच केलेले आहे. गंगाजळी मात्र जकातीतून उभी करणे कठीण, कारण जकात मालकीने पोचवायची असते, तिजोरीत मुरवायची नसते. त्यासाठी वेगळा निधी, वेगळे खाते आणि दात्याला ते समजावून सांगण्याची हिंमत लागते. ‘या वर्षी तुमचे थोडे पैसे वाईट दिवसांसाठी हवेत’ असे म्हणणारी आवाहने कुठे दिसतात?

शिल्लक नसली की काय होते, याचे ब्रिटनमधलेच उदाहरण म्हणजे ‘किड्स कंपनी’. कमिला बॅटमंगेलिज यांनी १९९६ मध्ये लंडनमध्ये ही संस्था काढली. घरी मार, उपासमार, आईबापांचे व्यसन अशा कचाट्यातली मुले कोणाच्याही चिठ्ठीशिवाय तिच्या दारात येऊ शकत. येईल त्याला घ्यायचे, हा बाणा. पंतप्रधानांपासून गायकांपर्यंत सगळे तिचे चाहते. सरकारने वर्षानुवर्षे मिळून किमान ४ कोटी ६० लाख पौंड दिले, असे तिथल्या महालेखा कार्यालयाने नंतर सांगितले. आलेले सगळे खर्च होत गेले, हाताशी राखीव फारसे राहिले नाही. २०१५ च्या जुलैअखेर सरकारकडून ३० लाख पौंड मिळाले आणि ५ ऑगस्टला संस्था बंद पडली. दरम्यान तिच्यावर गंभीर आरोप झाले होते. पोलिसांच्या चौकशीत गुन्ह्याचा पुरावा मिळाला नाही. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने विश्वस्तांना दोषमुक्त केले आणि ते आरोप झाले नसते तर संस्था कदाचित तगली असती, असेही म्हटले. पण मुद्दा तोच राहतो. एक धक्का सोसेल एवढे बळ गाठीला नव्हते. दुकान बंद झाले तर गिऱ्हाईक पलीकडे जाते. ५ ऑगस्टला बंद दारासमोर उभ्या राहिलेल्या मुलांना पलीकडचे दुकान नव्हते.

आपल्याकडे प्रत्येक नोंदणीकृत विश्वस्त संस्था धर्मादाय आयुक्तांकडे वर्षाचा हिशेब देते. जमा किती, खर्च किती, ताळेबंद काय. हे हवेच, कित्येक ठिकाणी तेही वेळेवर होत नाही. पण त्या कागदात घेणाऱ्याचे म्हणणे नोंदवायला रकाना नाही. एक हजार किटे वाटली, हे लिहिता येते. त्यातली दोनशे किराणा दुकानात निम्म्या किमतीला परत विकली गेली असती, तर ते कुठे लिहिणार? खरे तर ती नोंद सर्वांत मोलाची. तो वूलवर्थ्सचा न वाचलेला गल्ला आहे.

वूलवर्थ्सच्या कोसळण्यात एक छोटे उपकथानक आहे. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या डॉर्चेस्टर गावातल्या शाखेच्या व्यवस्थापिकेची नोकरी गेली. तिने मार्च २००९ मध्ये त्याच जागेत ‘वेलवर्थ्स’ नावाचे दुकान उघडले, जुन्या सहकाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना परत घेतले. उघडण्याआधी गावकऱ्यांना विचारले, तुम्हाला इथे काय मिळायला हवे? लंडनच्या मुख्य कार्यालयाला इतकी वर्षे जे विचारावेसे वाटले नव्हते ते गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या बाईने पहिल्या दिवशी विचारले. तेही दुकान काही वर्षांनी बंद झाले, ही गोष्ट लपवायला नको. विचारल्याने सगळे तरतेच असे नाही. पण संस्थांच्या बैठकीत विश्वस्त बोलतात, मोठे दाते बोलतात, आणि वाटप करणारा पोरगा, ज्याला कोणते घर पिशवी घेताना खरेच हसते आणि कोणते नुसते ‘जजाकल्लाह’ म्हणून दार लोटते हे माहीत असते, तो दाराशी चहा आणायला उभा असतो.

विचारणे ज्यांनी कामाचा भाग केला, त्यांचे एक घरचे उदाहरण मदुराईचे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. मोतीबिंदूने आंधळे होणाऱ्या गरिबांची दृष्टी परत आणायची, हे एकच काम. शंभर कामे नव्हेत. त्यांना नमुना म्हणून मॅकडोनाल्ड दिसले. रोज, सगळीकडे, सारख्या दर्जाचे आणि स्वस्त देता येते, तर डोळ्याची शस्त्रक्रिया का देता येऊ नये? त्यांच्या रुग्णालयात पैसे देऊन उपचार घ्यायचे की मोफत, हे रुग्ण स्वतः ठरवतो. कोणी दाखला मागत नाही. पैसे देणाऱ्यांच्या रकमेवर मोफत विभाग चालतो, आणि पैसे देणारा असल्याने दर्जा घसरला की लगेच कळते.

पण त्यांचीही सुरुवातीला फसगत झाली. खेडोपाडी मोफत शिबिरे घेतली. तपासणीला माणसे लोटत. ज्यांना मोतीबिंदू निघे त्यांना सांगितले जाई, मदुराईला या, शस्त्रक्रिया फुकट. त्यातले बरेच जण येतच नसत. एखाद्या संस्थेने शिबिराचा गर्दीचा फोटो छापून विषय संपवला असता. अरविंदच्या लोकांनी न आलेल्यांची घरे गाठली आणि कारण विचारले. उत्तरे साधी होती. यायला गाडीभाडे नाही. तिथे खायचे काय? घरी मुलांकडे कोण पाहणार? डोळ्याला सुरी लागणार याची भीती वाटते. शस्त्रक्रिया फुकट होती, पण पोचणे फुकट नव्हते.

त्यानंतर शिबिराच्या गावातून रुग्णांना घेऊन जाणारी आणि परत सोडणारी बस सुरू झाली. जेवण रुग्णालयाकडून. शेजारच्या गावातली माणसे एकाच गाडीत बसवली, म्हणजे भीती वाटेल तेव्हा ओळखीचे कोणी बाजूला असेल.